गोबरगॅस पहिल्यांदा करताय? आधी हौदाचं पोट समजून घ्या

मार्गशीर्षातल्या पहाटे उकिरड्यात फावडं घातलं की भसकन वाफ निघते. मोकळ्या, भुसभुशीत उकिरड्याच्या पोटात हात घालवत नाही इतकी धग असते. तिथून दहा पावलांवर आमच्या गोबरगॅसची कुंडी आहे. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या काल्याला, म्हणजे कालवलेल्या शेण-पाण्याला, बोट लावलं तर गारठा लागतो. दोन्हीकडचं शेण एकाच गोठ्यातलं आहे. उकिरड्याला हवा मिळते, हौदाला मिळत नाही, एवढाच फरक.

हवा असली की जंतू शेणातली बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपात उधळून टाकतात. चांगल्या कंपोस्टच्या ढिगाचा गाभा ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो तो त्यामुळेच. हवा तोडली की तीच ऊर्जा मिथेन वायूत तशीच शिल्लक राहते, आणि ती आपल्याला शेगडीवर जाळता येते. उकिरड्यावर जी वाफ होऊन गेली, ती इथे भाकरी भाजते.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मी गेली बारा वर्षं रोज दोन घनमीटर गॅस देणारा गोबरगॅस चालवतो आहे. आपल्या भागात गावोगावी बंद पडलेले, काटेरी झुडपं उगवलेले हौद दिसतात आणि जीव तुटतो. त्यातले काही बांधकामाच्या चुकीने गेले, पण बरेचसे मालकाला हौदाची भूक कळली नाही म्हणून गेले. म्हणून हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी, अगदी पहिल्यापासून लिहितो आहे.

झाकणाखाली कोण काय करतं

शेण किंवा खरकटं हौदात गेलं की त्याचा गॅस एका झटक्यात होत नाही. चार टोळ्या एकामागोमाग एक राबतात. पहिली टोळी मोठे तुकडे फोडते: भातातला स्टार्च, काडीतला सेल्युलोज, तेल, डाळीतली प्रथिनं यांची साखर आणि बारीक विरघळणारे पदार्थ करते. दुसरी टोळी त्यांची आम्लं करते. तिसरी त्या आम्लांचं ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते, शिवाय हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करते. आणि चौथी टोळी हे सगळं खाऊन मिथेन सोडते.

ही चौथी टोळी वेगळीच आहे. शास्त्रज्ञ तिला जिवाणूंमध्येसुद्धा धरत नाहीत, आर्किया नावाच्या फार जुन्या शाखेत टाकतात. हवेतला ऑक्सिजन तिला विषासारखा. थंडी सोसत नाही, आंबटपणा सोसत नाही. आणि मुख्य म्हणजे तिची वाढ फार सावकाश होते. आम्ल करणारे जंतू काही तासांत दुप्पट होतात, मिथेन करणाऱ्यांना त्यालाच कित्येक दिवस लागतात.

पुढे मी जे जे सांगणार आहे, ते सगळं या एका गोष्टीतून निघतं. पुढची टोळी पळते, मागची चालते. पळणाऱ्यांना एकदम जास्त खायला घातलं तर हौदात आम्लाचा ढीग साचतो, चालणाऱ्यांना तो संपवता येत नाही आणि त्या आम्लातच त्या मरायला लागतात. हौदाचा सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (pH), ६.८ ते ७.५ च्या दरम्यान असला की सगळं सुरळीत असतं. साडेसहाच्या खाली घसरला की मिथेन जवळजवळ थांबतं.

निघणाऱ्या गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के, उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, थोडी पाण्याची वाफ आणि अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्याचा वास येतो तो या शेवटच्या वायूचा.

हे सगळं मुद्दाम हौद बांधला तरच होतं असं नाही. गाईच्या पहिल्या पोटात हेच चालू असतं, म्हणून तर ती ढेकरांतून मिथेन सोडते. १७७६ साली इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टाने तळ्याकाठचा गाळ काठीने ढवळून वर आलेले बुडबुडे गोळा केले, तेही हेच. शहराच्या कचरा डेपोतही उंच ढिगाच्या तळाला हवा पोचत नाही आणि ओला कचरा तिथे असाच कुजतो, फक्त गॅस धरायला वर झाकण नसतं. तो गॅस निसटतो आणि ढीग धुमसत राहतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या नारेगावकरांनी २०१८ च्या फेब्रुवारीत शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, त्यांनी वर्षानुवर्षं काय सोसलं असेल ते अशा ढिगाजवळ तासभर उभं राहिलं तरी कळतं. हवेत सुटलेलं मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवणारं आहे. म्हणजे धरलं तर इंधन, सोडलं तर घात.

पहिली पायरी: दोन बाटल्या आणि दोन फुगे

पैसे घालण्याआधी हे करा. घरातल्या लेकरांना सोबत घ्या, त्यांना फार आवडतं. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. पहिलीत ताजं शेण आणि पाणी सारख्या मापाने कालवून पाऊण बाटली भरा. दुसरीत शेण घालू नका. शिळा भात, केळीची सालं, चमचाभर गूळ आणि पाणी घाला. दोन्हींच्या तोंडाला फुगा ओढून दोऱ्याने घट्ट बांधा आणि उबदार कोपऱ्यात ठेवून द्या. झाकण मात्र अजिबात लावू नका, गॅस कोंडून बाटली फुटते.

दुसऱ्या बाटलीचा फुगा एक-दोन दिवसांतच फुगायला लागतो. पाहणाऱ्याला वाटतं, खरकट्याचाच गॅस भारी. चार दिवसांनी तो तिथेच अडकतो. बाटलीचं तोंड उघडून वास घ्या, आंबलेल्या ताकासारखा येईल. त्या फुग्यात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो, तो पेटत नाही. आम्लवाल्यांनी धाव घेतली आणि मागे कोणी आलंच नाही. शेणाची बाटली मात्र आठवडाभर नुसती बसून राहते. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत त्याच्या दुपटीने, तिचा फुगा हळूहळू मान वर काढतो आणि पुढे कित्येक दिवस तग धरतो. कारण गाईच्या पोटातून चारही टोळ्या शेणासोबत आलेल्या असतात. बाजारात कोणी महागडं कल्चर, म्हणजे जंतूंचं विरजण, विकायला आलं तर ही बाटली आठवा. ताजं शेण हेच कल्चर आहे.

फुग्यातला गॅस पेटवून पाहायचा मोह टाळा. फुगा चेहऱ्याजवळ भडकतो. मेडिकल किंवा शाळेच्या साहित्याच्या दुकानातून सामू कागदाची एक गुंडाळी तेवढी आणून ठेवा. दोन्ही बाटल्यांत बुडवून रंग पाहा. पुढे हौद चालवताना हाच कागद रोज उपयोगी पडणार आहे.

दुसरी पायरी: जनावरं आणि पाणी मोजा

ताज्या शेणापासून किलोमागे साधारण ४० लिटर गॅस मिळतो, म्हणजे एका घनमीटरला २५ किलो शेण लागतं. पाच-सात माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटर पुरतो, म्हणजे रोज ५० किलो. देवणी किंवा लालकंधारी गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण टाकते, म्हैस पंधराच्या. पण जनावरं दिवसभर रानात चरायला जात असतील तर गोठ्यात हाती लागतं ते निम्मंच. एक आठवडा रोज सकाळी घमेली तराजूवर मोजा आणि मग ठरवा. तीन जनावरं असताना चार घनमीटरचा हौद बांधणारे मी पाहिले आहेत. तो हौद जन्मभर उपाशी राहतो. आकाराने थोडा लहान पण रोज पोट भरणारा हौद केव्हाही बरा.

मिळणारं इंधन किती? एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. रोज दोन घनमीटर पुरेपूर मिळाला तर साधारण सोळा दिवसांत एका १४.२ किलोच्या सिलिंडरइतकं इंधन होतं.

आता पाण्याचं. मराठवाड्यात हा प्रश्न आधी विचारायला हवा. ताज्या शेणात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तरी ते काल्याच्या धारेने वाहायला हवं म्हणून तेवढंच पाणी आणखी घालावं लागतं. ५० किलो शेणाला ५० लिटर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या उन्हाळ्यात रोज ५० लिटर पाणी हौदात ओतायचं म्हटलं तर घरात कोणाला पटलं असतं? त्यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही मी स्वतः वापरतो. गोठ्याला सिमेंटचा कोबा आणि उतार करून गोमूत्र एका टाकीत घ्या आणि पाण्याच्या थोड्या हिश्शाऐवजी ते वापरा. त्याहून जास्त नको, अमोनिया वाढून मिथेनवाल्यांना त्रास होतो. दुसरं म्हणजे बाहेर आलेल्या स्लरीवर जे पातळ पाणी तरंगतं ते परत काल्यात घाला. त्यात जंतू जिवंत असतातच. भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं, निरम्याचं, फिनाइलचं पाणी कधीच नाही.

पाणी वाचवायला काला घट्ट मात्र करू नका. घट्ट काला तळाला बसतो, वरचा थर वाळून साय धरतो आणि गॅस खालीच अडकतो.

तिसरी पायरी: जागा आणि नमुना

जागा ऊन लागणारी हवी, स्वयंपाकघरापासून वीस मीटरच्या आत, आणि पिण्याच्या विहिरीपासून किमान पंधरा मीटर दूर. मोठं झाड जवळ नको, मुळं भिंत फोडतात.

नमुने मुख्यतः दोन. एक तरंगत्या ड्रमचा: जशभाई पटेलांनी पन्नासच्या दशकात आखलेला आणि पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने देशभर नेलेला. गॅस भरला की ड्रम वर उचलतो, संपला की खाली बसतो, त्यामुळे किती गॅस आहे ते डोळ्यांना दिसतं. दुसरा विटांच्या पक्क्या घुमटाचा: त्यातला १९८४ मध्ये आलेला दीनबंधू नमुना स्वस्त पडतो, लोखंड नसल्याने गंजत नाही, पण घुमटाच्या आतलं प्लास्टर केसभर जरी तडकलं तरी गॅस राहत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आपली खोल काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात विटांचा घुमट बांधायचा तर मुरूम लागेपर्यंत खोदा, भिंतीच्या बाहेरून सगळीकडे मुरूम किंवा वाळू भरून ठोकून घ्या, आणि असे पाच-दहा घुमट बांधलेला, त्यातले निदान तीन चालू असलेले दाखवू शकणारा गवंडीच लावा. असा गवंडी मिळत नसेल तर फायबरच्या ड्रमचा नमुना घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण झोप लागेल.

रोज दोन घनमीटर गॅस देणाऱ्या हौदाचं आकारमान कसं येतं तेही समजून घ्या, म्हणजे कोणी कमी खोदून फसवणार नाही. रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी म्हणजे १०० लिटर काला. आपल्या हवामानात काल्याने हौदात सुमारे ४० दिवस राहायला हवं. म्हणजे ४,००० लिटर. यापेक्षा लहान हौद केला तर सावकाश वाढणाऱ्या मिथेनवाल्या टोळ्या बस्तान बसण्याआधीच बाहेर वाहून जातात.

सरकारी अनुदान आहे. केंद्राचा बायोगॅसचा कार्यक्रम १९८१-८२ पासून वेगवेगळ्या नावांनी चालू आहे. आपल्याकडे पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा. रक्कम आणि अटी बदलत असतात, त्यामुळे चालू वर्षाच्या तिथेच विचारा आणि मंजुरीचा कागद हातात येण्याआधी खड्डा खोदू नका. शौचालय हौदाला जोडायला घरात कुरकुर होते, आमच्याही झाली. पण मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्यावर गॅस करून वापरला होता, आणि देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी शौचालयाला जोडलेल्या गॅससाठी उभं आयुष्य घातलं. जळतो तो मिथेन, त्याला शेणाचं किंवा मैल्याचं काही लागत नाही.

गोठा नसलेल्या शहरातल्या घरांसाठी पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेचा नमुना सोयीचा: हजार लिटरची प्लास्टिकची टाकी खाली, तिच्यात उलटी बसणारी साडेसातशेची वर. रोज दोन किलो खरकटं. खरकट्याला किलोमागे शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस असतो, कारण शेणातलं बरंचसं सत्त्व गाईने आधीच घेतलेलं असतं. पण सुरुवात तिथेही शेणानेच करायची, आणि का ते बाटल्यांनी दाखवलंच आहे.

चौथी पायरी: पहिली भरणी

फाल्गुन-चैत्रात भरणी करा. हौद पस्तीस अंशांच्या जवळपास सगळ्यात खुशीत असतो, आणि ती ऊब आपल्याकडे उन्हाळा फुकट देतो. पौषात भरलेला हौद दोन-दोन महिने तोंड उघडत नाही.

भरणीपुरतं शेण साठवून ओलं ठेवा. वाळलेलं, माती लागलेलं नको. एकास एक काला करा, हाताने गुठळ्या फोडा, काडीकचरा आणि खडे काढा आणि हौद ठरलेल्या खुणेपर्यंत भरा. शेजारच्या गावात चालू हौद असेल तर त्याची पाच-दहा बादल्या स्लरी आणून मिसळा. ही उसनवारी फार मोलाची आहे, निम्मे दिवस वाचतात.

मग वाट पाहा. रोज शेण घालायची घाई करू नका. पहिले दोन-तीन आठवडे ड्रम हळूहळू वर येईल, पण तो गॅस पेटणार नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि हौदात आधी कोंडलेली हवाही. तो दोन-तीनदा पूर्ण सोडून द्या. हे टाळू नका: मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळलेलं असलं की ठिणगीने स्फोट होतो. गॅस पेटतो का ते फक्त घरातल्या शेगडीवर पाहायचं. ड्रमच्या नळाला किंवा पाइपच्या तोंडाला काडी कधीच लावायची नाही.

ज्या दिवशी निळी, आवाज न करणारी ज्योत स्थिर राहिली, त्या दिवसापासून रोज थोडं शेण सुरू. पहिल्या आठवड्यात पाव, दुसऱ्यात निम्मं, मग पूर्ण.

पाचवी पायरी: रोजचं खाणं, आणि सप्त्यानंतर काय झालं

ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने. सकाळी सहाला मी चार घमेली शेण इनलेटच्या कुंडीत टाकतो, पाणी घालतो, काठीने घोटतो आणि बुच काढण्याआधी दोन-चार मिनिटं थांबतो, म्हणजे माती-वाळू कुंडीच्या तळाशी बसते. ती हौदात गेली तर तिथेच साठत जाते आणि हौद वर्षागणिक लहान होतो. मग ड्रम हाताने अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवतो, वरची साय मोडते.

तिसऱ्या वर्षी मी मोठी चूक केली. गावात हरिनाम सप्ताह होता. काल्याच्या पंगतीनंतर भात, वरण, बुंदी मिळून साठेक किलो उरलं. अन्न टाकायला मन होईना. टेम्पोत घालून आखाड्यावर आणलं आणि सगळं एकाच दुपारी हौदात लोटलं. दुसऱ्या दिवशी ड्रम इतका वर आला की मी शेजाऱ्याला बोलवून दाखवला. तिसऱ्या दिवशी आईने हाक मारली.

"आरं, पेटंना गेलाय बघ. नुसता फुस्स करून इझायलाय."

ड्रम भरलेला होता, पण ज्योत बर्नरवर टिकत नव्हती. आउटलेटला नेहमीचा मातकट वास नव्हता, नाकाला झोंबणारा आंबट वास होता. सामूचा कागद साडेपाच दाखवत होता. मी डोकं धरून बसलो होतो, तेव्हा आई कुंडीजवळ उभी राहून म्हणाली, "लेकराला एकदम चार लाडू चारल्यावर काय होतंय? तसंच झालंय याला. आता त्याला काही देऊ नकू, उपास घाल."

तिचंच औषध खरं होतं. आठ दिवस खाणं पूर्ण बंद ठेवलं. पेटत नसलेला गॅस सोडून दिला. शेजारच्या गावातून दहा बादल्या चालू स्लरी आणली. भिजवलेल्या चुन्याची निवळी दिवसाआड एक बादली, कागदाचा रंग पाहत पाहत घातली. चुना एकदम ओतायचा नाही, त्याने सामू उसळतो आणि नवंच दुखणं होतं. मग दिवसाआड एक घमेलं ताजं शेण. चोविसाव्या दिवशी निळी ज्योत परत आली. तोवर माय-बायकोने चुलीचा धूर खाल्ला.

खरकटं घालू नका असं नाही. रोजच्या शेणाच्या दहाव्या हिश्श्याएवढं, बारीक करून, हळूहळू सवय लावत घाला. लिंबाच्या साली, लोणच्याचा खार, जास्त तेल नको. कोंबडीची विष्ठा नत्राने फार तेज असते, ती चिमटीने. शेळीच्या लेंड्या रात्रभर भिजवून कुटल्याशिवाय नकोत, त्या नुसत्या तरंगतात. सोयाबीनची गुळी आणि कडब्याचे धांडे तरंगून साय धरतात. आणि पऱ्हाट्या-तुराट्यांचा नाद सोडा. लाकडातला लिग्निन हवेशिवाय कुजतच नाही म्हटलं तरी चालेल. एखाद्या जनावराला प्रतिजैविकाची इंजेक्शनं चालू असतील तर त्याचं शेण उपचार संपल्यावरही आठवडाभर उकिरड्यावर टाका. जे औषध गाईच्या जंतूंना मारतं ते हौदाच्या जंतूंनाही सोडत नाही.

पाइप, शेगडी आणि थंडी

गॅससोबत वाफ येते, पाइपमध्ये तिचं पाणी होतं आणि ज्योत धडधडायला लागते. पाइपला हौदाकडे उतार द्या, सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा नळ बसवा. गळती शोधायला साबणाचा फेस लावा, बुडबुडा फुगला की तिथेच गळतं. शेगडी गोबरगॅसचीच घ्या. या गॅसला सिलिंडरच्या गॅसपेक्षा हवा कमी आणि मोठं छिद्र लागतं, साध्या शेगडीवर तो नीट जळत नाही.

थंडीत गॅस कमी होणारच. परभणीचा पारा पौषात अनेकदा दहाच्या खाली जातो, आणि हौद स्वतःहून तापत नाही हे सुरुवातीला सांगितलंच. काला करायला सकाळच्या गार पाण्याऐवजी दुपारभर उन्हात ठेवलेल्या काळ्या पिंपातलं पाणी घ्या आणि दुपारीच खाऊ घाला. घुमटाभोवती कडब्याच्या पेंढ्या किंवा पाचट रचा. आणि गॅस कमी झाला म्हणून शेण वाढवू नका. थंडीत आधी मिथेनवालेच गारठतात, आम्लवाले चालूच राहतात. अशा वेळी खाणं थोडं कमीच करायचं.

हौदात कधीही उतरू नका

हे वेगळं लिहितो, कारण यात माणसं गेली आहेत. रिकामा केलेला हौदही रिकामा नसतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसून राहतो. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकच बधिर करतो, वास येईनासा होतो आणि वाटतं सगळं ठीक आहे. आत गेलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो, तोही कोसळतो. गाळ काढायचा असेल तर पंपाने, बाहेरून. आत उतरल्याशिवाय भागणारच नसेल तर ते काम श्वासाचा संच आणि दोर असलेल्या प्रशिक्षित माणसांचं आहे, सालगड्याचं नाही, तुमचंही नाही. कोणी आत पडलाच तर दोर टाका, आरडाओरडा करा, १०१ ला फोन लावा, पण मागे उतरू नका. आउटलेटच्या खड्ड्यावर जाळी किंवा फरशी कायम असू द्या, लहान लेकरं खेळता खेळता तिकडे जातात.

बाहेर येतं ते सोनं

गॅसच्या नादात स्लरीकडे दुर्लक्ष होतं. खरं तर आमच्या कोरडवाहू रानाला हौदाचा खरा फायदा स्लरीने दिला. कार्बन गॅस होऊन निघून जातो, नत्र, स्फुरद, पालाश मागे राहतात, आणि नत्राचा मोठा हिस्सा पिकाला लगेच घेता येईल अशा अमोनियाच्या रूपात येतो. म्हणूनच ती उन्हात वाळवू नका. वाळताना तोच अमोनिया उडून जातो. पाण्याच्या पाळीसोबत सरीत सोडता आली तर उत्तम. नाही तर उसाचं पाचट, सोयाबीनची गुळी, तुरीचा पाला यांचे थर एका खड्ड्यात टाकून त्यांवर रोजची स्लरी ओतत जा. जी काडी हौदाला पचली नसती, ती इथे हवेत, स्लरीच्या नत्रावर तीन महिन्यांत मऊ होते. उभ्या पिकाला देताना पाणी मिसळूनच द्या, नुसती स्लरी कोवळी मुळं करपवते.

आमच्याकडे दोन खड्डे आहेत. एक भरत असतो, दुसरा मुरत असतो. मृगाच्या आधी मुरलेला खड्डा उपसून तुरीच्या पट्ट्यात टाकतो, आणि रिकाम्या खड्ड्यावर पत्रा घालतो, नाही तर पहिल्याच पावसात निम्मं खत ओढ्याला जातं.